दहा मिनिटांत येते

प्रिय भुंगा,

सत्तावन्न वर्षांच्या, दोन पुस्तकं नावावर असलेल्या बाईला अशी हाक मारू नये, हे मला कळतं. पण पत्र मी लिहिते आहे, तेव्हा मायना माझा. तुझं पार्सल मागच्या मंगळवारी मिळालं. त्याला तू इतकी चिकटपट्टी गुंडाळली होतीस की खरोखरची जगबुडी झाली असती तरी आतला कागद भिजला नसता. चिठ्ठीही वाचली. सहा गोष्टी झाल्या, सातवीला शेवट सुचत नाही, महिनाअखेर सगळं प्रकाशकाकडे द्यायचं आहे. ताईने औषधांच्या चुका काढाव्यात, शेवट सुचलाच तर सांगावा, नाहीतर सातवी गोष्ट काढून टाकते. एवढंच. तुझी खुशाली नाही, इथे तुझ्या भावोजींची चौकशी नाही, एक अक्षर नाही. अगदी माझ्या वळणावर गेली आहेस.

तुझी आधीची दोन पुस्तकं मी कव्हर घालून कपाटात ठेवली आहेत, पण वाचलेली नाहीत. आता हे सांगून टाकायला हरकत नाही. एकदा तू विचारलं होतंस, तेव्हा मी म्हटलं होतं की जग संपवायला काय अक्कल लागते, चालवून दाखव म्हणावं. तू हसलीस आणि माझ्या गुडघ्याची चौकशी सुरू केलीस. या वेळी मात्र तू वाचायला नाही दिलंस, काम दिलंस, आणि कामाला मी नाही म्हणत नाही. सकाळचा चहा झाला की एक गोष्ट, हातात लाल पेन्सिल, असं ठरवून बसले.

तर आधी चुका. पहिल्या गोष्टीत सूर्य मंदावतो आणि माणसं भुयारात राहायला जातात. जाऊ देत. पण तीन हजार माणसं अकरा वर्षं भुयारात राहतात आणि त्यांतल्या एकालाही खरूज होत नाही? मी चौतीस वर्षं इस्पितळाचं औषध भांडार सांभाळलं आहे; एका वसतिगृहात दोनशे पोरं राहिली तर मलमाच्या किती पेट्या लागतात ते मला विचार. दुसऱ्या गोष्टीत काचेचा पाऊस पडतो, तो मला आवडला. त्या पावसात फक्त छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचा धंदा चालतो, ते वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. पण पुढे तुझा डॉक्टर वीस वर्षं बंद असलेल्या दुकानातून इन्सुलिनची बाटली काढतो आणि म्हाताऱ्याला वाचवतो. अगं, विजेशिवाय बंद दुकानात ते एक उन्हाळासुद्धा काढणार नाही. तुझा म्हातारा पान तेवीसवरच गेलेला आहे आणि पुढची दहा पानं उगाच चालतो आहे. तिसरीत सगळी यंत्रं बंद पडतात, लोक ताऱ्यांकडे बघत मोठमोठं बोलतात, आणि कुणीही भांडी घासत नाही. मी समासात लिहिलं आहे, ‘जग संपलं तरी खरकटं उरतंच.’ भावोजींना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, तिला लिही, जगबुडी आली की तुझी ताई आधी भांडाराला कुलूप लावेल, किल्ली कंबरेला खोचेल आणि मग पाण्याला म्हणेल, चिठ्ठी आणली आहेस का डॉक्टरांची? नसेल तर बाहेर थांब. (ते बरे आहेत. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना माझ्या कपाळावरच्या आठ्या स्पष्ट दिसतात, असं सगळ्यांना सांगत फिरतात.)

चौथ्या दिवशी माझी लाल पेन्सिल जरा अडखळली. माझी सवय तुला माहीत आहे, मोजदाद केल्याशिवाय मला चैन पडत नाही. तुझ्या गोष्टींत कोण मरतं, कोण उरतं, याची मी मागच्या कोऱ्या पानावर यादी करत होते. तेव्हा दिसलं की पहिल्या गोष्टीतली एक बाई बॅटरी आणायला म्हणून भुयाराबाहेर जाते आणि परत येत नाही. दुसरीतली पाणी आणायला जाते. तिसरीतली वंगण आणायला, चौथीतली नुसती ‘बघून येते’ म्हणून. प्रत्येक बाई उंच, चालायला भरभर, बोलायला तोडून. जाताना प्रत्येकीचं एकच, दहा मिनिटांत येते. मला वाटलं, तुझी कल्पनाशक्ती आटली असावी. चौथीच्या शेवटी मी लिहिलंसुद्धा, ‘तीच बाई किती वेळा मारणार? नवीन पात्र शोध.’ ते वाक्य मी आता खोडलं आहे, पण लाल पेन्सिल नीट खोडली जात नाही. दिसेल तुला.

पाचवीतली बाई समुद्र इस्पितळाच्या बाराव्या मजल्यापर्यंत चढल्यावर औषधं आणायला खाली जाते. तोवर मी सावध झाले होते. भावोजींनी विचारलं, आज हसू का नाही येत? मी म्हटलं, आज गोष्ट लांब आहे. आणि सहावीत त्या लहान मुलीचा विषारी हवेतला पोशाख फाटतो, बाई तो शिवायला घेते, अर्धा शिवून होतो आणि दोरा संपतो. बाई सुई तशीच कापडात खोचते, उठते, आणि दोरा आणायला जाते.

भुंगा, मी तिथे वाचायचं थांबले. चहा गार झाला. नंतर मी उठून उगाचच औषधांचा खण आवरला. कालच आवरला होता.

तो फ्रॉक हिरवा होता ना? त्याची खालची दुमड उसवली होती आणि तू सकाळपासून माझ्यामागे भुणभुण लावली होतीस. तू आठ वर्षांची, मी अठराची. आईला जाऊन वर्ष झालं होतं आणि त्या वर्षात तुझी वेणी, तुझी शाळा, तुझा ताप सगळं माझ्याकडे होतं. कॉलेजच्या गावाला जाणारी गाडी साडेदहाला होती. माझी ट्रंक तुझ्या नजरेला पडू नये म्हणून बाबांनी पहाटेच सायकलवरून त्यांच्या कामावर, छापखान्यात, नेऊन ठेवली होती. अर्धी दुमड घालून झाली आणि मी म्हटलं, दोरा संपला, कोपऱ्यावरून घेऊन येते, दहा मिनिटांत येते. तू विचारलंस, मी येऊ? मी म्हटलं, नको, फ्रॉक धर, सुई हलू देऊ नकोस. नंतर मी पाच महिन्यांनी आले. दोरा संपलेला नव्हता. रीळ माझ्या मुठीत होतं आणि ते मी वसतिगृहात पोचेपर्यंत तसंच होतं.

पहिल्या महिन्यात बाबांचं पत्र आलं होतं. तुला ते माहीत नसणार. त्यांनी लिहिलं होतं, धाकटी आता गणितात लक्ष घालू लागली आहे, शाळेतून आली की पायरीवर बसून मोठ्याने आकडे म्हणते, सहाशेपर्यंत जाते आणि पुन्हा एकपासून धरते. मी वसतिगृहातल्या मैत्रिणींना ते कौतुकाने वाचून दाखवलं. उलट टपाली कार्ड टाकलं, ‘शाबास, असाच अभ्यास कर.’ दहा मिनिटांचे सेकंद किती होतात, हे मला, औषधं थेंबाथेंबाने मोजायला शिकणाऱ्या मुलीला, एकोणपन्नास वर्षांत एकदाही सुचलं नाही. ते काल, तुझी सातवी गोष्ट वाचताना सुचलं. सातवीत बाई हवेची गाळणी आणायला गेली आहे, तळघरात एकोणीस दिवसांची हवा उरली आहे, आणि नऊ पानं ती मुलगी फक्त मोजते. सहाशे झाले की पुन्हा एक. त्यानंतर तुझं पान कोरं आहे.

सुट्टीत मी घरी आले तेव्हा तू दाराआडून बघत होतीस. सगळे भोवती होते. तू एवढंच विचारलंस, मिळाला का दोरा? आणि मी हसले. आत्या हसली म्हणून हसले, बाबा हसले म्हणून अजून हसले. म्हटलं, बघा, हिच्या कसं लक्षात राहिलं! तू आत निघून गेलीस. तो फ्रॉक तू पाच महिने उसवलेलाच घातलास आणि कुणाला हात लावू दिला नाहीस, हे आत्याने मला त्याच संध्याकाळी सांगितलं. मी म्हटलं, हट्टी आहे, जाईल हळूहळू.

आता आत्याबद्दल. आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे की ‘न सांगता हळूच निघ, नाहीतर पोरगी रडून गोंधळ घालेल’ हा सल्ला आत्याचा. तूही तेच मानतेस. त्यासाठी तू तिच्याशी कधी धड बोलली नाहीस, तिने विणलेला स्वेटर अंगाला लावला नाहीस, ती शेवटच्या आजारात तुझं नाव काढत होती तेव्हा तुझी परीक्षा निघाली. मी तुला दोष देत नाही. कारण तो सल्ला आत्याचा नव्हता. आदल्या दिवशी आत्या म्हणाली होती, पोरीला समोर बसवून सांग, रडली तर रडू दे. बाबा म्हणाले होते, मी तिला गाडीपर्यंत घेऊन येतो. मीच नको म्हटलं. त्यांना वाटलं, मला तुझं रडणं बघवणार नाही. खरं ते नव्हतं. तू एकदा जरी नको जाऊस म्हणाली असतीस, तर मी गेले नसते, आणि मला जायचं होतं. आईच्या जागी बसायचा मला कंटाळा आला होता. पुढे तू आत्यावर राग धरलास आणि मी तो तिथेच राहू दिला, कारण तिथे तो मला लागत नव्हता. आत्यानेही कधी तोंड उघडलं नाही. एकदाच मला म्हणाली, माझं काय गं, मी म्हातारी, पोरीचा राग मला खपेल. तुला ती लागणार आहे.

भांडारात नव्याने येणाऱ्या मुलींना मी पहिल्याच दिवशी शिकवायचे की ज्याची मुदत आधी संपणार ते फळीवर पुढे, ज्याची लांब आहे ते मागे. मागे सरकवलेलं विसरतं आणि एक दिवस फेकून द्यावं लागतं. त्या मला पाठीमागे ‘मुदतबाई’ म्हणायच्या, आणि मला ते माहीत होतं. चौतीस वर्षांत माझ्या भांडारात मुदत संपलेली एक गोळी कुणाला सापडली नाही. आणि घरात ही एवढी एक गोष्ट मी स्वतःच्या हाताने अगदी मागे ढकलून ठेवली. आत्याची मुदत संपली. बाबांची संपली. मी सदुसष्ट वर्षांची आहे.

म्हणून हे पत्र. औषधांच्या चुका समासात आहेत, त्या मी टपालाने पाठवूही शकले असते. पण हस्तलिखित मी स्वतः घेऊन येते आहे, शनिवारी, सव्वाअकराच्या गाडीने. हे तुला तीन दिवस आधी कळवते आहे, न सांगता येणं-जाणं मी आता बंद केलं आहे. भावोजी येत नाहीत. म्हणाले, हे तुमच्या दोघींचं काम आहे. तू स्टेशनवर येऊ नकोस. तुला भेटायचं नसेल तर दार उघडू नकोस, मी कागद पायरीवर ठेवीन आणि दुपारच्या गाडीने परत जाईन. त्याबद्दल पुढे कधीही एक शब्द बोलणार नाही. सातवी गोष्ट मात्र काढू नकोस. पहिल्या सहा तू तिच्यासाठीच लिहिल्या आहेस, एवढं मला वाङ्मयातलं न कळताही कळतं. तिचा शेवट मी सांगणार नाही. ती बाई परत येते की नाही हे मला सांगता येईल, पण आल्यावर ती मुलगी काय करते, ते फक्त तुलाच ठाऊक. शनिवार होऊ दे, मग लिही. काल कोपऱ्यावरच्या दुकानात गेले होते. दुकानदाराने विचारलं, हिरवा म्हणजे कसा, बाई? आणि मला नेमकी छटा आठवेना. त्याने पाच रिळं पुढे ठेवली. मी पाचही घेतली आहेत. त्यांतला कुठला, ते तू सांग.

उशिरा निघालेली, पण तुझीच,
ताई