पुटपुटणाऱ्या मावशीस

तीर्थस्वरूप मावशीस साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचा खोकला गेला का? इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे मी सोडून. मला जेवण जात नाही आणि फोनवर तुझं नाव दिसलं की तो उशीखाली सरकवते. (म्हणून तर पत्र.)

घरबसल्या भाषेची परीक्षा देणाऱ्यांवर कॅमेऱ्यातून नजर ठेवणाऱ्या यंत्राचे नियम मी करते, हे तुला ठाऊक आहेच. प्रामाणिक माणूस कसा बसतो ते यंत्राला आधी शिकवावं लागतं. म्हणून आम्ही ऑफिसातल्यांनाच परीक्षेला बसवलं. सगळे पुतळ्यासारखे, नजर पडद्यावर! साहेब खूश. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली, कारण बसलेले सगळे पेपर काढणारेच होते. उत्तरं आधीच ठाऊक असलेला कशाला इकडेतिकडे बघेल? म्हणजे ज्याला पेपर आधी मिळाला तो साव आणि जो विचार करतो तो चोर, असंच आम्ही यंत्राला शिकवलं. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "बाई, शंका घरी ठेवून येत जा. सोमवारी समितीपुढे नियमांवर तेवढी सही करा." सही झाली की यंत्र म्हणेल त्याची परीक्षा तिथल्या तिथे रद्द. कोणाची नोकरी जाईल, कोणाचं शिक्षण, तेही माझ्या सहीने! आता भाजी चिरतानाही मागून कोणी बघतंय असं वाटतं. परवा मी स्वतःच परीक्षेला बसले. सासूबाई दारातून एवढंच म्हणाल्या, "अगं, दूध उतू गेलं!" यंत्राने त्यांना उत्तरं पुरवणारी टोळी ठरवलं. (त्यांना अजून सांगितलेलं नाही. तेवढं धैर्य कुठलं?)

काकांना नमस्कार.

तुझी भित्री भाची

ता. क. तू हौसेने दिलेल्या चाचणीचा निकाल विचारत होतीस. मावशी, रागावू नकोस. जन्मभर भाषा शिकवलीस, पण प्रत्येक वाक्य आधी पुटपुटतेस, डोळे मिटतेस, मग छताकडे बघतेस. यंत्राने पहिल्याच प्रश्नाला तुला कॉपी करताना पकडलं! ते चित्रण सोमवारी समितीला दाखवू का? रद्द करण्याआधी निदान एका माणसाने बघावं, एवढं पटवायला तुझ्याइतका सज्जन चोर मला दुसरा मिळायचा नाही.

आणखी एक. हे पत्र लिहिताना कॅमेरा चुकून चालूच राहिला. यंत्राचा शेरा आलाय: 'हिला कोणीतरी मजकूर सांगत आहे.' पहिल्यांदाच बरोबर निघालं मेलं. शाळेतल्या निबंधापासून कानाशी तुझंच चालू असतं, "घाबर हवी तेवढी, पण खरं तेच लिही."