कोपरच्या बांधाचं सातवं कलम

नौपाडा, ठाणे
श्रावण शुद्ध दशमी, शके १८१०

प्रिय गोपीनाथ,

हे पत्र टपालात न टाकता नाथा नावाड्याच्या हाती देतो आहे, कारण हाताशी पाचच दिवस आहेत. पौर्णिमेला दुपारी खाडीला वर्षातलं मोठं उधाण येईल. तू, गोदावहिनी आणि तुमची मुलगी तुळसा, तिघांपैकी कोणीही त्या वेळी बांधावरच्या खोपीत असता कामा नये. हे आधी लिहून टाकतो, कारण मला पाल्हाळ लावायची खोड आहे आणि तुला पत्र अर्धं वाचून कोनाड्यात ठेवायची. बाकीचं सावकाश वाच, पण आजच वाच.

तुझे वडील मिठाच्या होडीतून तुला ठाण्याच्या शाळेत आणून सोडायचे, तेव्हापासून आपलं जमलं. तू हिशेबात पुढे आणि मी अक्षरात. तुझं अक्षर पाहून पंतोजी विचारायचे, पाटीवर खेकडा चालला का रे, आणि माझी पाटी वर्गभर फिरवायचे. त्या अक्षराचा गर्व माझ्या अंगात तेव्हापासून मुरलेला आहे. वकिलांनी मला कारकून ठेवलं ते त्याच अक्षरावर. खाडी अडवून केलेल्या खारजमिनीच्या मालकांना कोपरच्या बांधात उघाडी बांधायची होती, म्हणजे पाणी सोडायला दार आणि दोन्ही बाजूंना दगडी भिंत, तेव्हा तुझं नाव मीच पुढे केलं. जन्मभर तू मातीचे बांध घातलेस, दगडचुन्याचा मक्ता पहिलाच. तळ्याकाठची भाताची जमीन तारण लिहून दिलीस आणि म्हणालास, हरिहर दाखवील तिथे मी सही करतो. मला त्या दिवशी केवढं बरं वाटलं होतं.

तो करारनामा मी एका बैठकीत लिहिला. लिहिला कसला, उतरवला. मुरबाडकडच्या एका बंधाऱ्याचा जुना दस्त दप्तरात होता. त्यातली नावं बदलली, गाव बदललं आणि कलमं जशीच्या तशी घेतली. आमच्या कचेरीत हीच पद्धत आहे, आणि जुना दस्त मोडला नाही म्हणून शाबासकीही मिळते. चौथं कलम होतं, चुना मळायला कामाजवळच्या वाहत्या पाण्याखेरीज दुसरं पाणी वापरू नये. मुरबाडला ते शहाणपणाचंच होतं. तिथे बारमाही ओढा वाहतो आणि तळ्यात म्हशी डुंबतात. कोपरला वाहतं पाणी एकच, खाडीचं. ठाण्याच्या खाडीकाठी जन्मलेल्या माणसाला हे लिहिताना सुचू नये, याला काय म्हणायचं ते तूच म्हण.

तुला सुचलं होतं. माघात तू विचारलंस की देवळाच्या तळ्याचं पाणी गाडीनं आणू का. मी कोणाला न विचारता उलट टपाली कळवलं की तळ्याचं पाणी साचलेलं, दस्तात वाहतं लिहिलंय, मालकांना निमित्त देऊ नकोस. पाडव्याला मी काम बघायला आलो, तेव्हा वहिनींनी भाकरी वाढता वाढता सांगितलं, ‘भावजी, खारे पान्यान चुना धरं नाय, माजा बापूस सांगं.’ मी हसलो. वर म्हणालो, वहिनी, वकिलांचं कलम आहे ते. त्यांनी मला आणखी एक भाकरी वाढली. गोपीनाथ, त्यांची माफी मी समोर येऊन मागणार आहे, पण तूही माझ्या वतीनं सांग.

सातवं कलम मात्र मुरबाडचं नव्हतं. ते तुमच्या खारीतल्या रीतीवरून घेतलं. ज्यानं बांध घातला त्यानं पहिला पावसाळा बांधावर काढायचा, ही तुमची जुनी चाल. वकिलांना ती फार आवडली. त्यांनी तिला शेपूट जोडलं की दसऱ्यापर्यंत खोप कधीही रिकामी आढळली, तर मक्तेदारानं काम टाकलं असं धरावं आणि तारण जमीन मालकांकडे जावी. तोंडी चालत होती तोवर ती रीत मायेची होती. मी तिला सुबक अक्षरात उतरवलं आणि तुझ्या गळ्यात अडकवलं.

आता सोमवारची हकिकत. मालकांचा मुनीम फडक्यात काहीतरी बांधून कचेरीत आला. गाठ सोडली तर तुझ्या भिंतीतला चुना होता. त्यानं तो बोटानं दाबला आणि ओल्या रांगोळीसारखा टेबलावर पसरला. वकिलांनी चिमूटभर जिभेवर ठेवला, थुंकले, आणि मला दस्त काढायला सांगितला. चौथं कलम वाचून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. पान लावत मुनिमाला शांतपणे समजावू लागले. भिंत कलमाप्रमाणे बांधली आहे, त्यामुळे ती पडली तरी मक्तेदारावर दावा टिकणार नाही, नुकसान मालकांचंच. खोप रिकामी सापडली तर मात्र सातवं कलम लागतं आणि मग बाकी काही बघावं लागत नाही. मुनीम म्हणाला, म्हणजे तो घाबरून पळाला तर बरं. वकील म्हणाले, पळाला तर जमीन आपली. नाही पळाला तर, एवढं म्हणून त्यांनी पान तोंडात टाकलं. पळाला नाहीस तर भिंतीबरोबर खोप आणि तूही वाहून जाशील, हे दोघांनाही कळत होतं. मी तिथेच बसलो होतो, रे. चुना माझ्यासमोर पडला होता आणि मी दस्त पुन्हा दप्तरात बांधून ठेवला.

परवानगीशिवाय भिंतीला हात लावू नये, ही नोटीस तुला बुधवारी मिळाली असेल. अक्षर ओळखलंस ना? डागडुजी करून तू भिंत सावरलीस तर त्यांच्या हाती काहीच लागणार नाही, म्हणून ती नोटीस. पौर्णिमेला दुपारी, ऐन भरतीला, मुनीम दोन पंच घेऊन गावाकडच्या उंचवट्यावर उभा राहणार आहे. खोपीत माणूस दिसतो की नाही, एवढंच त्यांना लिहून घ्यायचं आहे. भिंतीकडे बघायला कोणी येत नाही. अमावास्येच्या उधाणाला दाराच्या डाव्या अंगाचे चार दगड हलले, असं नाथा सांगतो. हे तू मला कळवलं नाहीस. मला वाईट वाटू नये म्हणून कळवलं नसशील. तुझा हा स्वभाव मला शाळेपासून ठाऊक आहे.

कोर्टात जाता येईल का ते मी पाहिलं. अर्ज देऊन तारीख मिळेपर्यंत भाद्रपद लागेल. वकिलांचे पाय धरले, तर म्हणाले, हरिहर, तुझ्या चुकीवर मी पांघरूण घालतो आहे, तू ते ओढू नकोस. म्हणून काल मुद्रांक कागद आणून माझा जबाब लिहून काढला. चौथं कलम कुठून आलं, तू काय विचारलंस, मी काय उत्तर दिलं, सोमवारी काय बोलणं झालं, सगळं त्यात आहे. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. एक प्रत सोबत जोडली आहे, दुसरी उद्या मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत देतो. नोकरी जाईल. जाऊ दे. गावच्या वडीलधाऱ्या काळुरामकाकांना सांगून सगळ्यांची गुरं खारीतून वर घ्या. भात वाचणार नाही, त्याला माझा इलाज नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. सातवं कलम लिहायच्या आधी मी काळुरामकाकांना विचारलं होतं की बांध घालणारा तापानं पडला तर काय करता. ते म्हणाले, मग त्याचा कोणी जिवाचा माणूस जाऊन बसतो. म्हणून मी दस्तात ‘मक्तेदाराने अथवा त्याने लेखी नेमलेल्या इसमाने’ असं लिहिलं, आणि वकिलांनी ते वाचून तसंच ठेवलं. नाथाच्या हाती मला एक चिठ्ठी पाठव. पौर्णिमेच्या दिवशी खोपीत राहण्यास अमुक इसमास नेमले आहे, एवढंच लिही, खाली सही आणि तारीख घाल. इसमाचं नाव माझं घाल. मी चतुर्दशीला येतो. तुम्ही तिघं त्याच होडीनं कल्याणला वहिनींच्या भावाकडे निघा. मला समजावत बसू नकोस, माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला तिथे बसवणं मला जमायचं नाही. कल्याणच्या कोर्टात दोन दिवस काम आहे, असं मी घरी बायकोला, उत्तराला, सांगितलं आहे. तिच्यासाठी एक पाकीट याच पुडक्यात ठेवलंय. ते फोडू नकोस. पौर्णिमेनंतर दोन दिवसांत मी घरी पोचलो नाही, तर तू स्वतः नौपाड्याला जाऊन तिच्या हातात दे, आणि ती वाचून होईपर्यंत तिथेच थांब.

तुझाच,
हरिहर