पुठ्ठ्याचा मुकुट

आणे,
२ फेब्रुवारी

ती. सुदर्शनमामांना हर्षालीचा नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. कांदा काढायला आलाय. तुमच्या आरोहीचा साखरपुडा छान झाला. आईचा गुडघा दुखतोय. दिवसभर तुमच्या स्वयंपाकघरात उभी होती.

हॉलमधलं ते तैलचित्र मी पहिल्यांदाच पाहिलं. भरजरी शालू, डोक्यावर मुकुट, कमरेवर हात. पेठच्या व्याह्यांना तुम्ही सांगितलंत, "आमच्या आजी. सरदार घराण्यातल्या, राणीचा मान व्हता." त्यांनी चित्राला हात जोडले. आई चहा घेऊन दारात आली, तर तुम्ही तिच्या कानाशी म्हणालात, "आक्का, तोंड उघडू नको. लई कष्टानं जमलंय."

तिनं उघडलं नाही. घरातली पहिली पदवीधर मी, पण मीही मुकाट्यानं कपबशा उचलल्या.

मामा, आईनं हेच चित्र मागितलं होतं, तेव्हा तुम्ही तिला दारातूनच परत पाठवलंत. "नाचीचा फोटू? आमच्यात असलं काय न्हाई." मी पास झाल्याचे पेढे आणले, तेव्हा म्हणालात, "शिकली तरी रक्त तमाशाचंच." प्रयागबाई माझ्या आजीची आई, तशी तुमच्या वडिलांचीही. ते, हौशीरामआजोबा, फडाच्या राहुटीत जन्मले. आता बंगला झाला, चित्र माळ्यावरून उतरलं आणि नाची राणी झाली.

वगात ती राणी व्हायची, तो मुकुट आमच्याकडे आहे. पुठ्ठ्याचा, वर बेगड, दोन्ही बाजूंना मोर. दर दसऱ्याला आई त्याला हळदकुंकू वाहते. डावीकडच्या मोराची चोच तुटलीय. चित्रकारानं ती तुटकीच रंगवलीय. जवळ जाऊन बघा.

लग्नाच्या दिवशी सगळ्या पेठकरांसमोर मुकुट चित्राखाली ठेवायचा, असं मी ठरवलं होतं. तुमचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचे आणि छान झोप लागायची.

काल आरोही आली. आईनं पेटी उघडली आणि प्रयागबाईची खरी गोष्ट सांगितली. मुकुट घालून आरोही आरशापुढे उभी राहिली. "पप्पा म्हणतात, मी पणजीसारखी दिसते. त्यांनी राणी सांगितली, ही तर भारीच निघाली!" तिथूनच तिनं नवरदेवाला, अमृतरावांना फोन लावला, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग लग्नात घाल की."

तेव्हा लग्न मोडायची भीती नको. मुकुट येईल, पण माझ्या हातात नसेल. अक्षता टाकताना मान वर करून नवरीकडे बघा. आणि आईला त्या दिवशी चहा सांगू नका. ती पहिल्या रांगेत बसणार आहे.

तमाशातल्या प्रयागबाईची पणती,
हर्षाली