अडकलेली गाळणी आणि काकांचा गुलाबी फेटा

चाकण,
आश्विन शुद्ध त्रयोदशी, १९५६

तीर्थस्वरूप ज्योतीराममामांच्या सेवेशी,

चाकणहून भाची इंदूचा नमस्कार जुन्नरला आपल्या चरणी पोचावा. इकडे सर्व मंडळी धडधाकट आहेत. मोटार तेवढी नाही. आपल्या गुडघ्याचे कसे आहे? मामींनी सांगितलेला निर्गुडीचा शेक आपण खरोखर घेता, की विचारले म्हणजे नुसते ‘घेतला’ म्हणता, तेही कळवावे. (आई म्हणते, लहानपणी आपण काढा तुळशीत ओतत होता आणि त्या साली तुळशीला फार चांगला बहर आला होता.)

तळेगावच्या स्थळाबद्दल आपली पत्रे आली आणि मी उत्तर दिले नाही, याचा आपल्याला राग आला असेल तर तो रास्त आहे. उत्तर माझ्याजवळ आहे. पण त्याच्या वाटेत आमची मोटार आडवी उभी आहे, आणि ती बाजूला केल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही. म्हणून आधी मोटारीचे लिहिते. आपण रागावला असाल तर वाचता वाचता तो राग काकांच्या मोटारीवर काढावा. तिला आता त्याची सवय झाली आहे.

आमच्या उद्धवकाकांचा पिठाच्या गिरणीखालोखाल जीव कशावर असेल तर खडकीच्या साहेबाकडून घेतलेल्या या मोटारीवर, हे आपण जाणताच. माझा जीव मात्र गेले वर्षभर दुसऱ्याच गोष्टीवर आहे. आमच्या पेठेतल्या मुली चौथी झाल्या की शाळा सोडतात, कारण पुढे मुलग्यांच्या वर्गात बसावे लागते आणि ते घरच्यांना नको असते. मुलींसाठी वेगळा पाचवीचा वर्ग निघाला तर पाठवू, असे दारोदार फिरून मी आयांकडून कबूल करून घेतले होते. पुण्याच्या एका संस्थेच्या सुमनताई असे वर्ग सुरू करून देतात, पण गाव आणि मुली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय देत नाहीत. त्या दसऱ्यासाठी मुंबईहून पुण्याला यायच्या होत्या. खंडेनवमीला दुपारी चिंचवडला उतरेन, तिथून मला नेण्याची सोय करा, असा त्यांचा निरोप आला. काका म्हणाले, “सोय कसली, मोटार हाय की!” इथपर्यंत सर्व उत्तम होते. मी इथेच थांबायला हवे होते.

पण मोटारीबरोबर साहेबाने एक इंग्रजी पुस्तक दिले आहे. ते आजवर देवघरात पोथ्यांशेजारी होते आणि सणावारी त्याच्यावरही फूल पडत असे. घरात इंग्रजी वाचणारी मी पहिलीच, म्हणून ते उघडण्याचा मान मला मिळाला. त्यात लिहिले होते की इंजिनातले तेल वेळोवेळी बदलावे आणि त्याबरोबर तेलाची गाळणीही बदलावी, न बदलल्यास इंजिनाचा घात होतो. ही गाळणी म्हणजे एक गोल लोखंडी डबा. तो इंजिनाच्या कुशीला आडवा, आट्यांवर फिरवून बसवलेला असतो आणि बाटलीच्या झाकणासारखा फिरवूनच काढायचा असतो. काकांनी हौसेने नवी गाळणी आणि तेलाचा डबा पुण्याहून कधीच आणून ठेवला होता. जुनी मात्र साहेबाच्या काळापासून जागची हललेली नव्हती. सुमनताई मोशीच्या चढावर मोटारीत बसलेल्या आहेत आणि इंजिनाचा घात होतो आहे, असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. ते मी काकांच्या डोळ्यांपुढे उभे केले. (भाषणकलेत मला बक्षीस होते, त्याचा इतका उपयोग आजवर झाला नव्हता.)

तेव्हा अष्टमीला दुपारी काम काढले. गिरणीचे इंजिन सांभाळणारे भिमाजीनाना पाना, पक्कड, हातोडी घेऊन आले. जुने तेल घमेल्यात सोडले आणि काकांनी उदार होऊन ते तिथल्या तिथे गाडीवानांना वंगणाला वाटून टाकले. मग गाळणीला हात घातला. पुस्तकात होते की डबा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवावा. आता मामा, लोकांना लोकांच्या भाषेत शिकवावे, असे माझे फार दिवसांचे मत आहे. नानांच्या घरी घड्याळ नाही. मी विचार केला, नवरात्र चालू आहे, रोज आरती होते आहे, आणि डबा समोर गोल आहे. म्हणून मी समजावून सांगितले, “नाना, आपण आरती ओवाळतो ना, त्याच्या बरोब्बर उलट फिरवायचं.” नाना म्हणाले, “कळलं.” त्यांना खरोखरच कळले होते. दुःख त्याचेच आहे.

डबा फिरेना. पक्कड लावली, तिच्या मुठीवर नळी चढवून जोर लावला, काकांनी नानांच्या कमरेला धरून मागून ओढले. शेवटी नानांनी लांब पेचकस हातोडीने डब्यातून आरपार ठोकला आणि त्याचीच मूठ करून सगळे बळ लावले. डबा जागचा ढळला नाही, पण त्याला दोन्ही बाजूंनी भोके पडली. आता नवे तेल ओतावे तर त्या भोकांतून ते बाहेर येणार, आणि जुने तेल तर गाडीवान घेऊन गेलेले. म्हणजे डबा काढल्यावाचून मोटार चालणे बंद. तेवढ्यात दिवेलागण झाली. कौशल्याकाकू पदर खोचून आल्या, हत्यारे मागून घेतली, राखेने घासली आणि देवघरात नेली. सकाळी उरलेले करू, असे म्हणून आम्ही हात धुतले. सकाळी खंडेनवमी आहे आणि खंडेनवमीला हत्यारे पूजेला बसतात, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. त्याची आम्हाला बाधा होईल असे वाटले नव्हते. इतिहासाच्या विद्यार्थिनीला सण फार लांबून दिसतात.

नवमीला सकाळी देवघरापुढे काय मांडले होते म्हणून सांगू! नांगराचा फाळ, कोयते, विळे, विळी, तराजू, गिरणीच्या जात्याला टाकी लावायचा हातोडा, पाना, पक्कड, पेचकस, शेवटाला माझे फाउंटन पेन. सर्वांना हळदकुंकू आणि झेंडू. दसऱ्याची पूजा होईपर्यंत यातले काही उचलायचे नाही. मी काकूंना म्हणाले की श्रम हीच हत्यारांची खरी पूजा आहे. काकू म्हणाल्या, “व्हय गं बाई, मग देवाला बी जुंप औताला.” मी म्हणाले, मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. त्यावर त्या हळू आवाजात बोलल्या, “वरीसभर राबत्यात ती. एक दिस बसल्यात. तुमच्या शाळंला रविवार आसतो, त्यास्नी नगं?” तार किंवा चिठ्ठी पाठवावी तर पेन झेंडूखाली, आणि सुमनताई गाडीत बसलेल्या.

मग हत्यार नसलेले काय आहे, यावर अंगणात परिषद भरली. सांडशी आणली, तर तिलाही काकूंनी कुंकू लावलेले निघाले. शेवटी काकांनी डोक्याला हात लावला आणि त्यांचा हात फेट्याला लागला. मामा, तो गुलाबी फेटा आपल्या ओळखीचा आहे. मी बी. ए. झाले तेव्हा काकांनी तो घेतला, पेठेतून मला मिरवत नेले आणि आपल्याला स्वतः पेढा भरवला. मी नको म्हणाले. (पुरेशा जोराने म्हणाले नाही. भोकातून गळणाऱ्या आशेपुढे फेटा मला त्या क्षणी लहान वाटला, हे मी लपवत नाही.) फेटा ओला करून पिळला, डब्याला घट्ट वेढे दिले आणि टोक धरून काका, बाबा आणि दोन शेजारी रस्सीखेचीसारखे ओढू लागले. वेढे देण्याचे काम नानांचे होते. डबा काशीफळासारखा दबला, फेटा टरकन फाटला आणि चौघे एकमेकांच्या अंगावर बसले.

नेमक्या त्याच वेळी काकू तबक घेऊन मोटारीची आरती करायला आल्या. इकडे काय चालले आहे याची त्यांना फिकीर नव्हती. मोटार जागेवर होती, त्यांना तेवढे पुरे होते. त्या ओवाळू लागल्या. नाना उरलेल्या चिंधीने डबा फिरवून पाहतच होते. तबक आणि नानांचा हात दोन्ही एकाच बाजूने फिरत होते.

“नाना, उलट म्हणाले होते ना मी?”

नानांनी मान खाली घातली. “म्हनाला व्हता, ताई. पर मालकीणबाईनी मोटारीला काल सकाळच्यालाच कुकू लावलं न्हवं का! देवाच्या अंगावर उलटी आरती कशी फिरवू? उलटं तसं मढ्याला करत्यात, ठाव हाय ना तुमास्नी?”

“आरं मग सांगायचं तरी, भिमा!” काका ओरडले.

“पोरगी शिकल्याली हाय. वाईट वाटंल तिला.”

म्हणजे आदल्या दुपारपासून आम्ही सर्व मिळून तो डबा अधिकाधिक घट्ट बसवत होतो. माझी उपमा लागू पडली होती, गरजेपेक्षा जास्त. मी नुसते ‘डावीकडे’ म्हणाले असते तर त्यात कोणताच देव आला नसता.

काका उठले. बाबांची टोपी घातली आणि काळ्या हातांनीच सायकलवर टांग टाकून चिंचवडच्या रस्त्याला लागले. जन्मात फेट्याशिवाय वेस न ओलांडलेला माणूस! मी नाक्यावर गेले. तिथे माझ्या मुली उभ्या होत्या. तेल लावून घट्ट वेण्या घातलेल्या, हातात शेवंतीची फुले, स्वागताचे गाणे पाठ. मोटार आता येईल, मग येईल, म्हणून त्यांनी गाणे पुन्हा पुन्हा म्हणून पाहिले. उन्हे कलली तेव्हा एकेकीची आई येऊन तिला घेऊन गेली. एक मुलगी जाताना म्हणाली, “बाई, उद्या येतील का त्या?” या सगळ्या प्रकारात मला सर्वात जास्त टोचते ते हे. फेटा विकत मिळेल. त्या दुपारचे काय करू?

काका अंधार पडता पडता परतले. सुमनताई भेटल्या होत्या, स्टेशनच्या बाकावर पुस्तक वाचत बसलेल्या. पुण्याची पुढची गाडी येईपर्यंत काकांनी त्यांना सगळे सांगितले, आरतीसकट. त्या इतक्या हसल्या की हमाल पाहू लागले. मग गंभीर होऊन म्हणाल्या की या गावात बाहेरची शिक्षिका रोज येणे कठीण दिसते. गावातच राहणारी कोणी शिकलेली बाई वर्षभर वर्ग चालवील असा शब्द मिळाला, तर न पाहताही वर्ग देते. आमच्या काकांनी फेटा नसलेल्या डोक्याने शब्द देऊन टाकला, “आमची इंदू हाय की.” मला विचारले नाही. विचारले असते तर मी भाषण केले असते.

दसऱ्याला पूजा उतरल्यावर नानांनी पाना घेतला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि योग्य बाजूला फिरवले. डबा फाटून हातात आला, त्याचे आट्यांचे कडे तेवढे इंजिनाला चिकटून राहिले. मोटार अंगणातच आहे आणि काका तिच्याकडे पाठ करून चहा पितात.

असे सर्व आहे. मामींना नमस्कार, लहानांना गोड पापा. पत्र लांबले, त्याबद्दल क्षमा असावी.

आपली आज्ञाधारक (या शब्दाविषयी खाली पाहावे),
इंदू

ता. क. वर्ग दिवाळीनंतर सुरू होतो. ती आज्ञाधारक भाची आता वर्षभर बांधलेली आहे, म्हणून तळेगावच्या मंडळींना एवढ्यात पाहायला आणू नये, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबवावे. बाबांना हे सांगण्याचे धैर्य मला नाही. आपला शब्द ते कधी मोडत नाहीत. मुलाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आपण म्हणालात की तो कमी बोलतो आणि पुष्कळ वाचतो, ते मला आवडले होते, हेही सांगून ठेवते.

आणखी एक. पत्र पाकिटात घालत होते, इतक्यात तळेगावहून बाबांना कार्ड आले. आळंदीला त्यांना कोणी सांगितले की मुलगी मोटारीची इंजिने उघडते आणि सोन्यासारख्या दसऱ्याला तिने देवाची आरती उलटी करायला लावली. त्यांचा नकार आहे. बाबा चिडलेले आहेत, आई रडते आहे, आणि मी सुटले म्हणून आनंदात असायला हवी. तशी मी नाही. तेव्हा वरची विनंती रद्द समजावी आणि नवी एवढीच करावी: आमचा नकार आधी निघाला होता, टपालाने उशीर केला, असे आपण तळेगावला जाऊन सांगावे. जमल्यास मुलाच्या देखत सांगावे. आणि मामा, आरतीची खरी हकीकतही त्याला सांगावी. तो हसला की नाही, तेवढे मला कळवावे.