रविवारच्या फोनचं गाणं

प्रिय बुज्जी,

आज रविवार. तुझ्या फोनचा वार. अकरा वाजून गेले की तुझी अम्मा अजूनही स्वयंपाकघरातून डोकावून टेबलावरच्या मोबाईलकडे बघते आणि परत आत जाते. आठ महिने झाले तुला जाऊन. पण सवयीला कोण सांगणार?

उद्या सकाळी रेहान येणार आहे. तुझा रेहान, कॉलेजपासून तुझ्या प्रत्येक गाण्याला कीबोर्ड वाजवणारा. त्याला माझ्याकडून एक उत्तर हवंय. तुझ्या शेवटच्या गाण्यात मी बोलायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे. तू म्हणशील, नान्ना, तुम्ही आणि गाण्यात? मलाही आधी हसूच आलं. मग कालपासून जेवण गोड लागलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

घरात आपलं सगळं बोलणं तेलुगूत, पण मला लिहिता येतं ते मराठीच. शाळेत तेवढंच शिकलो. आणि तू तरी कुठं तेलुगूत गाणी केलीस?

कागद ओळखीचा वाटतोय ना? तोच आहे, हिरव्या रेघांचा ग्राफ. पस्तीस वर्षं यावर मी चादरींची नक्षी काढली. इथं चौकोनी घरं भरायची, त्यावरून कार्डांना भोकं पडायची, कार्डं मागावर चढली की चादरीवर मोर उतरायचा. वाया गेलेले कागद मी घरी आणायचो, तू मागच्या बाजूला गणितं करशील म्हणून. गणितं कसली करतेस! तू एका घरात एक अक्षर अशा ओळी भरायचीस. अक्षर लांबवायचं असलं की पुढच्या दोन-तीन घरांतून आडवी रेघ ओढायचीस. तुला गाणं शिकवायला कोणी नव्हतं. ताल कशाशी खातात हे मलाही ठाऊक नव्हतं. अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना गुणगुणायची आणि तू शेजारी बसून तिचं गुणगुणणं घरांत मोजून लिहायचीस.

एकदा मात्र कहर केलास. चालू ऑर्डरचा कागद, मोर जवळजवळ पूर्ण झालेला, आणि त्याच्या पोटात तू अम्माच्या खोकल्यावरचं गाणं लिहून ठेवलंस. सगळा मोर मला पुन्हा काढावा लागला. मी मारलं नाही, ओरडलोही नाही. चार दिवस बोललो नाही. रागावलो की गप्प बसायचं, हा माझा जुना रोग. तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस आणि चौथ्या दिवशी माझ्या डब्यात चिठ्ठी टाकली होतीस, 'मोराला सॉरी सांगा.' मी डबा खाताना हसलो आणि घरी येऊन पुन्हा गप्प बसलो. का बसलो, ते आजही सांगता येत नाही.

मला वाटायचं, तू बँकेची परीक्षा द्यावीस. तू आणि रेहाननं कुंभारीच्या आपल्या घरासमोर, नळाला चार दिवसांनी पाणी आलं त्या सकाळी, घागरी बडवत ते पाण्याचं गाणं मोबाईलवर काढलंत. मागं अम्मा हंडा घेऊन पळतेय, शेजारच्या काकू रेहानला शिव्या देतायत, सगळं त्यात आहे. आठवड्याभरात सगळ्या सोलापुरात तेच. नळ आला की लोक गाणं लावायला लागले. कारखान्यात मी पाणी प्यायला उठलो तरी पोरं तुझी ओळ म्हणायची. मी रागानं बघायचो. मनातून काय वाटायचं, ते त्या पोरांना कळत होतं की काय कोण जाणे, कारण थांबत कोणीच नव्हतं.

मग तू पुण्याला गेलीस, तिथून मुंबईला. तिकडच्या गाण्यांच्या कंपनीनं बोलावलं, चांगली खोली दिली, आणि गाण्यातलं 'लई' काढून टाका म्हणाले. हितं, तितं, सगळं काढा, बाहेरच्यांना कळत नाही म्हणाले. तू सहा महिने भांडलीस आणि बॅग उचलून घरी आलीस. त्या दिवशी दारातच मी म्हणालो, एका शब्दासाठी कोणी एवढं सोडून येतं का, ऐकायचं होतंस त्यांचं.

बुज्जी, आयुष्यात मी फार कमी बोललो, आणि त्यातलंही नेमकं हे बोललो. तू चप्पल काढता काढता थांबलीस, मग आत गेलीस. ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर त्याबदल्यात काढलेले सगळे मोर मी देऊन टाकले असते.

तू काही त्यावर अडून बसली नाहीस म्हणा. रेहानला घेऊन स्वतःच गाणी काढलीस. बार्शी, लातूर, कोल्हापूर, कॉलेजांची गॅदरिंगं, मग मोठी मैदानं. पोरी तुझ्यासारखे केस कापायला लागल्या. परवा दोघी जणी गिटार घेऊन कुंभारीत घर शोधत आल्या होत्या, ताई कुठं बसून लिहायची ते बघायचंय म्हणाल्या. अम्मानं त्यांना तुझा कोपरा दाखवला, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊ घातली, आणि जाताना तुझ्या लहानपणच्या खोड्याही सांगितल्या. न विचारता! तुझी अब्रू काही फारशी उरलेली नाही, एवढं सांगून ठेवतो.

आणि तुझे रविवारचे फोन. कुठंही असलीस तरी अकराला फोन. आधी मला. तू विचारायचीस, मी गप्प. ऐकत असायचो, फोन कानाला घट्ट धरून, पण तोंडातून काही निघायचं नाही. मग तू पुढचं विचारायचीस. शेवटी मी फोन अम्माकडे द्यायचो आणि तुम्ही दोघी अर्धा तास हसायचात. माझ्या वाट्याचं बोलणं मी कधी घेतलंच नाही. तू एकदाही चिडली नाहीस. चिडायचं होतंस ग!

मग तो ताप आला. आठ दिवसांत सगळं संपलं. त्याबद्दल मी लिहीत नाही.

हॉस्पिटलमधून तुझी पिशवी आली, तिच्यात ग्राफचा एक कागद होता. मी वरवर बघितला, नीट बघवला नाही. चार ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीनंतर आठ घरं रिकामी. मी कागद रेहानच्या हातात दिला आणि म्हणालो, अर्धंच राहिलं पोरीचं. चाल त्याला तू फोनवर ऐकवली होतीस. त्यानं मुंबईच्या गाण्यांच्या कंपनीवाल्यांना कळवलं, त्यांनी एका चांगल्या कवी मुलाकडून रिकाम्या जागा भरून घेतल्या आणि एका गोड गळ्याच्या मुलीकडून गाऊन घेतलं. गुरुवारी रेहान ते ऐकवायला आला, कागदही परत आणला. तुझी ओळ यायची, 'जेवण झालं का वेळेवर', आणि मागोमाग त्या मुलाची, चांदण्याची नि दुराव्याची. प्रियकराला केलेल्या फोनचं गाणं. अम्मा रडली. मी छान म्हणालो. रेहान म्हणाला, काका, तुमी हो म्हणालात की मुंबईला होकार पाठवतो.

शुक्रवारी दुपारी मी तो कागद चष्मा लावून बघितला.

तुला आठवतं ना, मी काय शिकवलं होतं? नक्षी अर्धी असेल तर चारी बाजू मोकळ्या ठेवायच्या. पूर्ण झाली, घरं मोजून झाली, की मगच लाल पेनानं चौकट मारायची आणि उजव्या कोपऱ्यात घरांचा आकडा लिहून खाली सही. चौकट असली तरच कार्डं पाडणारा कागदाला हात लावतो. तुझ्या कागदाला लाल चौकट होती. कोपऱ्यात आकडा होता, खाली तुझी सही होती. मी घरं मोजली. रिकामी धरून मोजली तेव्हा आकडा बरोबर जुळला.

पस्तीस वर्षं नव्या पोरांना मी सांगत आलो, रिकामं घर म्हणजे काही नाही असं समजू नका. तिथं धागा खाली असतो, तोही विणला जातो. आणि माझ्याच पोरीचा पूर्ण कागद मी अर्धा म्हणून देऊन टाकला. ही चूक दुसऱ्या कोणी केली असती तर मी त्याला खोलीबाहेर काढलं असतं.

मी अम्माला बोलावलं आणि चारही ओळी तिला नुसत्या वाचून दाखवल्या, मधलं चांदणं सोडून. ती हातातलं सूप खाली ठेवून ऐकत होती. मग तेलुगूत म्हणाली, "हे तर रविवारचं बोलणं आहे. मधे तुम्ही आहात."

मी पुन्हा वाचलं, टेबलावर बोट आपटून आठ मोजत. तेवढाच वेळ होता तो. तू विचारल्यावर मी गप्प राहायचो आणि तू पुढचं विचारायचीस, बरोबर तेवढा. माझं न बोलणंसुद्धा तू मापून ठेवलं होतंस. रागानं केलंस का? तसं वाटत नाही. रागावलेला माणूस इतकं नीट मोजत नाही. पण दुखलं असेल ना? खरं सांग.

काल रेहानला बोलावून सगळं सांगितलं. त्यानं बोटानं रिकामी घरं पुन्हा मोजली. मुंबईचे लोक ऐकणार नाहीत म्हणाला. गाण्यात एवढा वेळ कोणी गप्प राहिलं तर ऐकणाऱ्याला मोबाईल बंद पडल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. मग जरा चाचरत म्हणाला, "काका, मग तितं तुमीच बोला की. तुमचीच जागा हाय ती. मी रेकॉर्ड करतो."

खोटं कशाला सांगू, मला ते लई आवडलं. रात्र सरेपर्यंत माझी चारही उत्तरं तयार होती. सकाळी दाढी करताना आरशासमोर म्हणूनही बघितली. आवाज बरा लागला. अम्मा म्हणाली, आता उशिरानं गळा फुटला वाटतं.

पण नाही, बुज्जी. उद्या मी रेहानला 'नाही' म्हणून सांगणार आहे. एक तर दुसऱ्यानं चौकट मारलेल्या कागदात आपण भर घालत नाही, मालक आला तरी घालत नाही. आणि दुसरं असं की, मी बोललो तर गाणं ऐकून लोक म्हणतील, किती प्रेमळ बाप होता. तसा बाप मी नव्हतो. प्रेम होतं, पण तुला ते ऐकू आलं नाही. जसं होतं तसं तू लिहिलंस. ते मी आता सुधारून घ्यायचं नाही. चांदणंही काढा म्हणणार आहे. रेहाननं तिथं नुसता ठेका चालू ठेवावा आणि तुझ्या ओळी त्या मुलीनं गाव्यात. मुंबईच्या लोकांना नको असेल तर तुम्ही दोघांनी घागरी बडवून काढलं तसं काढू.

उत्तरं मात्र तुला देणं आहे. ती इथं देतो, हे कोणी ऐकणार नाही.

'जेवण झालं का वेळेवर.' हो, झालं. अम्मा वाढते तेवढं जेवतो. तू गेल्यावर पहिले काही दिवस जेवलो नव्हतो, तिनं दटावलं.

'पंखा अजून खडखडतो का.' खडखडतो. तू नवा पाठवला होतास, तो मी कपाटावर खोक्यात ठेवला, जुना चालतोय म्हणून. तुझं मन मोडलं असेल. उद्या बसवून घेतो.

'आज गर्दी लई होती.' ठाऊक आहे मला. बार्शीच्या कार्यक्रमाला मी आलो होतो. अम्मालाही सांगितलं नाही. कारखान्यातून सुटलो तो तसाच एसटीत बसलो. कॉलेजच्या फाटकावर तुझा एवढा मोठा फोटो, पोरांची ही झुंबड, कोणीतरी मला विचारलं, आजोबा, पास आहे का? मी माझ्या अंगावरच्या कळकट शर्टाकडे बघितलं. पोरीचा बाप आहे असं सांगायला जीभ उचलली नाही. आतून तुझा आवाज यायला लागला होता. फाटकापाशी उभा राहून मी एक गाणं ऐकलं, पूर्ण, आणि मिळेल त्या गाडीनं परत आलो. पुढच्या रविवारी तू म्हणालीस, नान्ना, बार्शीला गर्दी लई होती. आणि मी गप्प बसलो. एवढं एक वाक्य बोललो असतो, मी होतो ग तिथं, तर तुझं काय काय भरून पावलं असतं!

'ठेवते मग आता फोन.' नको ठेवूस.

वर्षश्राद्धाला रेहान सोलापुरात तुझ्या गाण्यांचा कार्यक्रम करणार आहे. हे गाणं तिथं पहिल्यांदा होईल. मी येईन, धुतलेला शर्ट घालून, फाटकावर कोणी विचारलं तर तुझं नाव सांगून, पहिल्या रांगेत. माझी आठ घरं आली की मी गप्पच बसेन. पण सगळ्यांच्या देखत, तुझ्यासमोर बसेन.

तुझा,
नान्ना