भाच्याच्या कूलरची निःपक्षपाती तपासणी

कोल्हापूर, रविवार

ती. आक्का,

विजयसिंहाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला उतरला का? घनसाळ तांदूळ पोचला, वास शेजाऱ्यांपर्यंत गेला. आम्ही सगळे ठीक आहोत. (हे सवयीनं लिहून गेलो. मी ठीक नाही. फोनवर बोलायचं धाडस होईना, म्हणून पत्र.)

आमच्या कॉलेजच्या ॲनिमेशनच्या वर्गातले बारा कॉम्प्युटर तापून बंद पडतात, म्हणून प्रत्येकाच्या प्रोसेसरवर मोठा कूलर बसवायचं ठरलं. सर्वांत कमी दर तुझ्या ऋतुराजच्या नव्या दुकानाचा आला. त्याची ही पहिली मोठी ऑर्डर. नमुना तपासायला मला नेमलं. तो माझा भाचा आहे, असं मी प्राचार्यांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, "म्हणूनच तर, सर. तुम्ही त्याला सवलत देणार नाही." मी तेव्हाच दमलो होतो.

नमुना घरी आणला. वस्तू म्हणजे पत्र्याच्या पातळ पानांचा मनोरा, त्याला दोन पंखे, वजन सव्वा किलो. तुझी भावजय तेजस्वी म्हणाली, "कुणाच्या ट्रॅक्टरचं काढून आणलासा हे?" ऋतुराज बसवून द्यायला दारात उभा होता. मी त्याला आत घेतलं नाही, चहाही दिला नाही (उद्या त्या चहावरून कुणी बोललं असतं तर?). "मामा, धूड मोठं हाय, तुमाला जमायचं न्हाय," म्हणाला. मला तो परीक्षकावर दबाव वाटला.

पुस्तिका वाचत तीन तासांत मीच तो घरच्या कॉम्प्युटरवर बसवला. तळाला पातळ प्लास्टिक होतं, त्यावर 'बसवण्यापूर्वी काढा' असं छापलेलं. ते मी वाचलं, आक्का. डायरीत नोंदही केली. पण नमुना परत द्यायचा, म्हणजे परक्याची वस्तू. तिचं प्लास्टिक आपण कसं काढायचं? (आमच्या सोफ्याचं प्लास्टिक अकरा वर्षं तसंच आहे, आणि तो तर आमचाच आहे.) राहू दिलं. मनोऱ्यामुळे कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण लागेना, ते उघडंच ठेवलं. चार दिवस तासातासाला तापमान लिहिलं. जुन्या कूलरवर चौऱ्याऐंशी अंश; नव्यावर सत्त्याण्णव, आणि कॉम्प्युटर गप्प. अहवालात लिहिलं, 'अयोग्य'. सख्ख्या भाच्याला नापास केलं याचा थोडा अभिमानही वाटला, हे कबूल करतो.

ऑर्डर थांबली. ऋतुराज नमुना न्यायला आला, खोलला, तळ पाहिला. एवढंच म्हणाला, "मामा, एखाद्या वैऱ्यानं तपासलं असतं तर बरं झालं असतं की." मग प्लास्टिक काढून, उष्णता वाहून नेणारी ती मलमासारखी पेस्ट नव्यानं लावून, त्यानंच परत बसवून दाखवला. सदुसष्ट अंश. आवाजसुद्धा नाही. तेव्हापासून माझा फोन उचलत नाही.

मी दुसरा अहवाल दिला. प्राचार्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. "भाचा म्हणून आधी वाईट, की भाचा म्हणून आता चांगला?" खरं सांगायचं तर मलाही तीच शंका आहे.

तुझा थकलेला भाऊ,
विजयसिंह

ता. क. : पत्र खरं तर यासाठी. गुरुवारी अकरा वाजता ऋतुराजनं कॉलेजात सर्वांसमोर कूलर बसवून दाखवला, तर ऑर्डर त्याचीच, असं प्राचार्य म्हणालेत. तू त्याला सांग. मामानं नव्हे, कॉलेजनं बोलावलंय असं सांग.

आणखी एक ता. क. : नको. मामानंच निरोप दिलाय म्हणून सांग, खोटं कशाला. फक्त त्या वेळी मामा तिथं नसेल, हेही सांग. म्हणजे येईल.