माझ्या मागची जागा

प्रिय काहू,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी पत्र लिहायला बसले. पर्थच्या त्या खाणीत घराएवढा ट्रक चालवताना फोन घेता येत नसणार, कळतं मला; पण बाई, रात्रंदिवस ट्रकच चालवतेस का? असो. चिडून सुरुवात करायची नव्हती. चुलीवर पुहाची रानभाजी रटरटतेय. तिचा वास आला की तुझी आठवण येते आणि आठवण आली की मी चिडते, हे तुला ठाऊकच आहे.

आपल्या वाचनालयातल्या संध्याकाळींबद्दल तुला कोणी कळवलं का गं? तुझ्या वर्गातली ग्लेनिस, गणितात तुझं बघून लिहायची ती, आता ग्रंथपाल आहे. तिने कौन्सिलच्या मागे लागून कलांसाठीचं अनुदान मिळवलं. महिन्यातून एक संध्याकाळ, ज्याने जे लिहिलं असेल ते त्याने आपल्या भाषेत वाचायचं. लाकडाच्या गिरणीपायी कुठकुठून माणसं येऊन राहिली या गावात, पण एकमेकांचं ऐकायला बसली ती आत्ता. कोपऱ्यावरचा दुकानदार हरजिंदर पंजाबीत वाचतो, शाळेतले मास्तर सामोअनमध्ये. कोणाला ओ की ठो कळत नाही आणि सगळे डोळे पुसतात. वर चहा आणि नारळाच्या दुधातले गोड पाव. जाच एकच, पाच मिनिटं झाली की ग्लेनिस घंटी वाजवते. अनुदानाच्या अर्जात तसं लिहून दिलंय म्हणे.

जूनमध्ये मीही वाचलं. आपल्या, इथल्या मूळ माणसांच्या भाषेत, आईवर लिहिलेलं. हसू नकोस. वाचून झालं आणि मी तशीच उभी राहिले, सवयीने, मागे कोणीतरी उठेल म्हणून. कोणी उठलं नाही. आपली निम्मी माणसं तुझ्यासारखी ऑस्ट्रेलियात, उरलेली त्या दिवशी रग्बी बघत घरी. टाळ्या वाजल्या, अगदी कडकडून वाजल्या, पण काहू, टाळ्या घेऊन काय करायचं? भर सभेत अंगावरचा कपडा कोणी ओढून नेल्यासारखं वाटलं मला. तेवढ्यात तेरेआपी काकू उठल्या. त्या गं, कुक बेटांवरच्या, चर्चमध्ये गाणाऱ्या. गुडघे धरत उठल्या आणि सगळ्यांना दरडावलं, "पोरगी एकटी उभी आहे, बसून काय राहताय दगडासारखे!" मग माझ्या मागे येऊन त्यांनी गाणं धरलं. कुठलं, माहितेय? नवरीला निरोप द्यायचं! अगं, नातवंडं झाली मला! पण काकूंना ऐन वेळी तेच आठवलं. हरजिंदरने बाकावर ठेका धरला, मास्तर उठले. ग्लेनिसने घंटी वाजवली, तर काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं की बिचारीने घंटी पर्समध्ये कोंबली. मी हसता हसता रडले. दुसऱ्या दिवशी ग्लेनिसला समजावलं, आमच्यात बोलणाऱ्याचं बोलून झालं की त्याची माणसं मागे उभी राहून गातात, ते गाणं झाल्याशिवाय बोललेलं पुरं होत नाही. ती म्हणाली, "म्हणजे इतके दिवस मी तुम्हा लोकांना अर्ध्यावरच खाली बसवत होते की काय!"

त्या रात्री मला आईचं गाणं आठवत राहिलं. आपल्या दोघींसाठीच रचलं होतं तिने, वरचा सूर तुझा, खालचा माझा. आईला अखेरचा निरोप द्यायच्या वेळी तुझं विमान चुकलं, तू उशिरा पोचलीस आणि विकिटोरिया मावशी सगळ्यांसमोर बोलली, "आल्या का परदेशच्या पाहुण्या? रडून झालं आमचं." तू शब्द गिळलास. पण गाण्याची वेळ आली तेव्हाही तोंड उघडलं नाहीस. मी आपला खालचा सूर एकटीने ओढत नेला. दुसऱ्या सकाळी गेलीस ती गेलीसच. तुला मी तेव्हाही दोष दिला नाही, आजही देत नाही. फक्त तुझ्यावाचून फार करमत नाही गं. मावशीला आता नीट ऐकू येत नाही, कबूल करत नाही ती गोष्ट वेगळी. परवा मला म्हणाली, "ती मोठ्या आवाजाची पोरगी कधी येणार? तिचंच तेवढं ऐकू येईल मला." एवढीच माफी मिळेल तिच्याकडून. घ्यायची तर घे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. अनुदानाची मुदत संपली, पुढचे पैसे पोहण्याच्या तलावाच्या गळक्या छपराला लागणार आहेत. ऑक्टोबरमधली संध्याकाळ शेवटची. आईच्या कबरीवरचा कोफाय तेव्हा फुलांनी पिवळाजर्द झालेला असेल. सगळ्यात शेवटी मी वाचायचं, असं ठरलंय. काल तेरेआपी काकू घरी आल्या, म्हणाल्या, "तुझ्या आईचं गाणं शिकव आम्हाला. या वेळी तुझं लग्न नाही लावत." मास्तर, हरजिंदर, सगळे शिकायला तयार आहेत. आणि मी नको म्हणाले. म्हटलं, त्या दिवशी माझ्या मागची जागा भरलेली आहे, माझी बहीण येतेय. तुला न विचारता बोलून बसले बघ. आलीस तर काय हवं! नाही आलीस, तरी वाचून झाल्यावर मी खाली बसणार नाही. आईचं गाणं जेवढा वेळ चालतं तेवढा वेळ तिथेच उभी राहीन, तुझा सूर मनात म्हणत. ग्लेनिसला सांगून ठेवलंय, घंटी घरी ठेवून ये.

तुझीच वाट बघणारी,
रीपेकाताई